तिसरं करडू

डॉ. महेबूब सौदागर यांच्या नावाची एक चाचणी आहे. शेळीच्या रक्ताचे चार थेंब घ्यायचे आणि त्यातल्या डीएनएमध्ये एका ठरावीक जागी एक ठरावीक अक्षर आहे का ते बघायचं. असेल तर शेळी जुळी देणार, ठेवा. नसेल तर विका. बावीस वर्षांपूर्वी महेबूबनं ती जागा हुडकली आणि जगभरच्या पुस्तकांत तिला 'सौदागर खूण' असं नाव पडलं. ब्राझीलच्या लोकांनी ती वापरली, तुर्कस्तानच्या लोकांनी वापरली, इथल्या सरकारी लोकांनी तर योजनाच काढली. सोळा पोरंपोरी त्याच्या हाताखाली डॉक्टर झाली. परंड्याच्या शेळीव्यापाऱ्याचा हा पोरगा. पुण्यात पहिल्याच वर्षी एका प्राध्यापकानं भर वर्गात त्याला विचारलं होतं, "तुमच्या लोकांना शेळी कापता येते, तपासता येईल का?" वर्ग हसला होता. पुढं त्याच प्राध्यापकाच्या खुर्चीत महेबूब अठरा वर्षं बसला. खुर्ची मोडकळीला आली तरी बदलून घेतली नाही. मुद्दाम.

असा हा माणूस सोमवारी दुपारी कुर्डुवाडीच्या एसटीतून परंड्यात उतरला. पिशवीत एक जुनी वही आणि सृष्टीनं दिलेला एक कागद होता. तीन दिवस अन्न गोड लागलं नव्हतं.

सृष्टी त्याची शेवटची विद्यार्थिनी. त्याच्या निवृत्तीला दोन महिने राहिले होते आणि तिचा प्रबंध अर्ध्यावर होता. महेबूबनं नव्व्याण्णव साली परंडा आणि भूम तालुक्यांतल्या दोनशे बारा शेळ्यांचं रक्त घेतलं होतं. फक्त शेळ्यांचं. कुठल्या शेळीला किती करडं झाली हे मालकिणींनी सांगितलं आणि त्यानं वहीत लिहिलं. सृष्टीनं तेच काम त्याच वस्त्यांवर पुन्हा केलं, पण या वेळी करडांचंही रक्त घेतलं आणि आई-पिलाचा डीएनए ताडून बघितला. पाच करडांमागं एक करडू ज्या शेळीला पीत होतं, तिचं नव्हतंच.

"नमुने अदलाबदल झाले असतील," महेबूब म्हणाला होता.

"मलाही तसंच वाटलं, सर. तीनदा केलं."

"नळ्यांवरची नावं?"

"तुम्हीच शिकवलंय, सर. नाव शेळीपुढं उभं राहून लिहायचं. खाडाखोड करायची नाही. चुकलं तर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे." मान खाली घालून तिनं दुसरा कागद पुढं सरकवला. "खरी आई धरून मोजलं, तर खुणेचा आणि जुळ्यांचा काही संबंध राहत नाही."

संस्थेचे संचालक रणधीर यांना त्यानं त्याच दिवशी सांगितलं. गुरुवारी धाराशिवला मोठा कार्यक्रम ठरलेला. ती चाचणी आता जिल्ह्यातल्या प्रत्येक शेळीवर होणार होती आणि शिफारशीच्या कागदावर महेबूबची सही लागणार होती. रणधीर शांतपणे ऐकत होते. वरच्या खुर्चीत बसलेली माणसं नेहमी शांतच असतात, त्यांचं काही जळत नसतं.

"सौदागरसाहेब, दोन महिन्यांनी तुम्ही निवृत्त. पोरीचा प्रबंध दोन वर्षांनी छापून येईल. तोवर कोण मरतंय?"

"शेळ्या," महेबूब म्हणाला.

रणधीर हसले. त्यांना तो विनोद वाटला.

पण खरं भय रणधीरचं नव्हतं. ही खूण खोटी ठरली, तर त्या वर्गात हसलेली सगळी तोंडं, जी आता म्हातारी होऊन कमिट्यांवर बसली होती, ती म्हणणार होती, बघा, शेवटी काय झालं. एका माणसाची चूक ही एका माणसाचीच असते, हे भाग्य सगळ्यांना मिळत नाही. महेबूबसारख्याची चूक त्याच्या गल्लीच्या, बापाच्या, जातीच्या नावावर चढते. म्हणूनच त्यानं आयुष्यभर एक आकडा तीनदा तपासला. आणि जो तपासायचा तो तपासलाच नव्हता.

अम्मा दारातच बसली होती. अजीजाबीचं वय ब्याऐंशी, पाठीला बाक, पण दावणीला अजून सहा शेळ्या. शेजारी तुळजाबाई, गुडघे धरून. दोघींचे गोठे पन्नासहून जास्त वर्षं एकाच भिंतीला टेकलेले. घरात दखनी चालायची, पण तुळजाबाई असली की अम्मा मराठीच बोलायची.

"आला का डॉक्टर," तुळजाबाई म्हणाली. "वाळला की रं. पुण्यात खायला देत न्हाईत व्हय?"

"काकू, काम आहे थोडं." महेबूबनं चपला काढल्या नाहीत. तसाच गोठ्यात शिरला आणि वही उघडली. "अम्मा, ही कोण? तिसरी, काळी."

"मैना."

"कधी व्याली?"

"झाले की आठ दिवस."

"करडं?"

"दोन हायती की म्होरं. दिसंनात का तुला?"

"दोन्ही हिचीच?"

अम्मानं मैनेच्या पाठीवरनं हात फिरवला. मैना एका करडाला चाटत होती आणि दुसरं तिच्या कासेला ढुशा मारत होतं. "मग कुणाची असणार," ती म्हणाली. "दोन्ही हिचीच. गुणाची हाय माझी मैना."

"अम्मा, नीट आठव. इथल्या करडांच्या रक्तात वेगळं दिसतंय."

"रक्तात काय दिसायचं ते दिसू दे. हिचीच हायती."

मागं तुळजाबाई पदर तोंडाला लावून हसत होती. महेबूब चिडला. चाळीस वर्षं शेळीच्या रक्ताशी घालवलेल्या माणसाला दोन अडाणी बाया त्याच्या तोंडावर खोटं सांगत होत्या आणि वर हसत होत्या. त्यानं आवाज चढवला. "काय लपवताय? माझी अख्खी जिंदगी लागलीय यावर."

अम्मानं मग त्याचं मनगट धरलं. लहानपणी धरायची तसंच, हाडावर बोटं रुतवून. तिनं त्याला गोठ्यातनं बाहेर काढला, भिंतीला वळसा घालून पार धुण्याच्या दगडापाशी नेला आणि बसवला. मागनं तुळजाबाई लंगडत आली. तिथनं शेळ्या दिसतही नव्हत्या.

"आता विचार," अम्मा म्हणाली. "आन आधी चहा घे."

चहा आला. महेबूबनं प्रश्न केला नाही, कारण वाटीतला पहिला घोट पोटात गेला तेव्हाच त्याला सगळं आठवलं होतं.

तो सात वर्षांचा होता. तुळजाकाकूच्या शेळीला तीन झाली होती आणि तिला दूध दोघांपुरतंसुद्धा नव्हतं. अम्माच्या शेळीचं करडू मेलं होतं. काकूंचं तिसरं करडू ओंजळीत आलं. अम्मानं त्याला मेलेल्या करडाच्या वारेचं पाणी चोळलं, वर मीठ लावलं आणि शेळीच्या तोंडापुढं धरलं. शेळीनं हुंगलं, चाटलं, पान्हा सोडला. त्याला 'लावणं' म्हणतात. आणि लावलं की मग त्या गोठ्यात कुणी तोंडातून काढायचं नाही की हे दुसऱ्याचं आहे. मालकानं नाही, पाहुण्यानं नाही, मोजायला आलेल्या माणसानं नाही. शेळीला कळतं. कळलं की ती लाथ घालते. करडू दूध तोडेपर्यंत ते तिचंच.

सात वर्षांच्या महेबूबनं गोठ्यात उभं राहून सांगितलं होतं, "हे काकूच्या शेळीचं हाय." त्या दिवशी संध्याकाळी शेळीनं करडाला शिंगावर घेतलं. सकाळी करडू मेलेलं. अम्मानं त्याला इतकं मारलं होतं की काकूंनी मधे पडून सोडवला.

"तुला ठाऊक व्हतं की," अम्मा म्हणाली. "तुला तर सगळ्यांच्या आधी ठाऊक व्हतं."

"नव्व्याण्णव साली तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू गोठ्यात इचारलंस."

"बाहेर येऊन सांगायचं."

"बाहेर तू थांबलास कवा?" अम्माचा आवाज चढला नाही. "बर्फाचा डबा घिऊन आलतास. बर्फ इतळल, बर्फ इतळल, कुर्डुवाडीची गाडी जाईल, हेच तुझं चाललेलं. पाणी सुदीक उभ्यानं प्यालास. चहा टाकते म्हनलं तर नको म्हनलास."

तुळजाबाई म्हणाली, "आमी म्हनलं, एवढा शिकल्याला मानूस, त्येला रक्तातच कळत आसंल कुणाचं कुणाचं ते. आमी कशाला मधे बोलावं."

 महेबूबला त्या वर्षातल्या सगळ्या दुपारी आठवल्या. दोनशे बारा शेळ्या, एकसष्ट घरं. प्रत्येक घरी गोठ्यात उभा, एक हात शेळीच्या मानेवर, एका हातात सुई, आणि प्रत्येक बाईला तोच प्रश्न: ही करडं हिचीच ना? आणि प्रत्येक बाईनं तेच उत्तर दिलं होतं. परक्या शहरातनं आलेला कुणी साहेब असता तर समजू शकलं असतं. साहेब लोक गाडीतनं उतरतात, रक्त घेतात, फोटो काढतात, चहाला नाक मुरडतात आणि जातात. त्या लोकांवर महेबूब आयुष्यभर तोंडसुख घेत आला होता. आणि तो स्वतः त्याच गोठ्यात वाढला, मार खाल्ला, शिकला, आणि शिकल्यावर त्याला वाटलं की शेळीला भाषा कळत नाही, म्हणजे प्रश्न कुठं उभं राहून विचारतो याला काही अर्थ नाही. शेळीला कळत नसेलही. पण बाईला कळत होतं, आणि उत्तर देणार होती ती बाई.

त्यानं वही उघडली. पहिलं पान पिवळं पडलेलं, अक्षर मात्र आजही लख्ख. "काकू, तुमची कवडी. काळ्यावर पांढरे ठिपके. तिसरं वेत. इथं करडू एक लिहिलंय."

तुळजाबाईनं बोटं मोडली. "कवडीला कवाच एक झालं न्हाय. तीन झालती त्या येळंला. एक हिच्या हिरीला लावलं. एक माणिकप्पाच्या घरी दिलं. एक ठिवलं तिच्यापाशी."

"आणि हिरी? अम्मा, तुझ्या हिरीला दोन लिहिलीत."

"हिरी एकाचीच. पर दूध म्हंजे काय, दोन सोड, तीन जगवली आसती तिनं. म्हनून तर तिलाच लावायचो सगळी."

महेबूबनं वहीतल्या दोन्ही ओळींवर एकेक बोट ठेवलं.

दूध उदंड असलेल्या शेळीच्या नावावर दुसरीचं करडू चढायचं. तिला एक झालेलं, वहीत दोन. आणि जिला खरंच तीन व्हायची, पण दूध कमी, ती वहीत एकाची. एखाद-दुसऱ्या घरात नव्हे, घराघरांत. म्हणजे त्यानं शोधलेली ती खूण जुळ्यांची नव्हतीच. असलीच तर दुधाची असेल. तेही नक्की नाही. आणि वीस वर्षं त्याच्या नावाची चाचणी भलत्याच शेळ्या ठेवा म्हणून सांगत होती.

"कवडीचं पुढं काय झालं?" त्यानं विचारलं.

 वाटीच्या तळाला राहिलेला चहा तुळजाबाईनं दगडावर ओतला. "कवडी म्हातारी हुन मेली. तिची नात व्हती माझ्याकडं, ठिपके तसंच. तिला बी तीन-तीन. आठ वर्षाखाली सरकारची मानसं आली, रक्त घेतलं, आन कागद आला. हिच्यात खूण न्हाय, इकून टाका, योजनेतली नवी घ्या. म्या म्हनलं, तीन देती की वो. ते म्हनलं, आजी, कागदावर शास्त्रज्ञाचं नाव हाय." तिनं महेबूबकडं बघितलं. "नाव तुझं व्हतं. म्हनून इकली. दुसऱ्या कुणाचं आसतं तर कागद चुलीत घातला आसता."

"आणि नवी?"

"नवी एकाची निघाली. कवा कवा ते बी न्हाय."

असल्या बोलण्यात राग असता तर महेबूबला सोपं गेलं असतं. राग नव्हता. तिनं नाव वाचलं होतं आणि विश्वास ठेवला होता, एवढंच ती सांगत होती. ब्राझील, तुर्कस्तान, सोळा डॉक्टर, खुर्ची, हे सगळं एका बाजूला, आणि ठिपक्यांची एक शेळी दावणीतनं सुटून बाजारात उभी राहिली, ती दुसऱ्या बाजूला. विद्वानांच्या भाषेत याला प्रभाव म्हणतात. आपलं नाव एखाद्या दावणीपर्यंत पोचतं आणि दावं सोडतं, हा खरा प्रभाव. बाकीचं नुसतं छापील कागद.

रणधीरांचा फोन आला तेव्हा तिसरा चहा चालला होता. महेबूबनं उठून बाजूला न जाता तिथंच दगडावर बसून घेतला.

"सही केली का? माणूस पाठवू का न्यायला?"

"सही होणार नाही, साहेब. खूण जुळ्यांची नाही. का नाही तेही आता कळलं." आणि त्यानं सगळं सांगितलं, चार वाक्यांत, विद्यार्थ्यांना सांगायचा तसं.

 रणधीरांचा आवाज एकदम उजळला. "म्हणजे दुधाची खूण निघाली म्हणा की. सौदागर, हे तर जास्त चांगलं. गुरुवारी तेच जाहीर करू. दूध कुणाला नको?"

"माझ्याकडं पुरावा नाही. दोन बायकांची आठवण आहे."

"मागच्या वेळी तरी दुसरं काय होतं?"

 दुसरं काही खरंच नव्हतं. रणधीरसारखा माणूस कधी कधी खरं बोलून जातो, आणि तेव्हा तो जास्तच घाण वाटतो.

"म्हणूनच," महेबूब म्हणाला. "मागच्या वेळी तेवढ्यावर छापलं. या वेळी नाही. मी त्या नियतकालिकाला लिहितोय, माझा निबंध मागं घ्या म्हणून. आणि गुरुवारी मी येणार नाही."

"लोक काय म्हणतील ते कळतंय का तुम्हाला? तुमच्यासारख्या माणसाला तर..."

"बोला की. माझ्यासारख्या म्हणजे?"

रणधीरांनी फोन ठेवला.

दोघी म्हाताऱ्या ऐकत होत्या. अम्मानं विचारलं, "नोकरी जाईल का?"

"दोन महिन्यांनी जाणारच होती, अम्मा."

"मग भ्यायचं कशाला," तुळजाबाई म्हणाली. "आमच्या उमेदवारांसारखं आता मोकळं बोलायचं. निवडणूक झाल्यावरच खरं बोलत्यात ते."

महेबूब हसला. तीन दिवसांत पहिल्यांदा. मग वही पुढं ओढली. वस्तीवरच्या अठरा घरांतल्या शेळ्या या दोघींना पाठ होत्या. बाकीच्या घरांतल्या बाया काही गेल्या, काही लेकाकडं राहायला गेल्या. एकेक शेळी त्यानं वाचली आणि दोघी सांगत गेल्या. मधे भांडल्याही. "ती माणिकप्पाची न्हवं गं, तिच्या सुनेची." "सुनेची कशी, सून तवा आलीच नव्हती." महेबूबनं खोडलं नाही. जिथं चूक होती तिथं एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी खरा आकडा लिहिला. कुणी सांगितला तेही लिहिलं. पानं रेघांनी भरत गेली. 

उन्हं कलली तेव्हा त्यानं सृष्टीला फोन लावला.

"तुझा निबंध पूर्ण कर. माझी वाट बघू नकोस. पहिलं नाव तुझं."

"सर, आणि तुमचं?"

"माझं जिथं चुकलंय तिथं घाल. आणि सृष्टी, पुढच्या वेळी नमुने घ्यायला जाशील तेव्हा बर्फ जास्त ने. थांबावं लागतं."

मग त्यानं कोऱ्या कागदावर नियतकालिकाला पत्र लिहायला घेतलं. आधी इंग्रजीत चार ओळी, अशा पत्रात असतात तशा. माहितीत दोष होता, मोजलेली पुष्कळ करडं दुसऱ्या शेळ्यांची होती, निष्कर्ष टिकत नाही, निबंध मागं घेतो. लिहून झाल्यावर त्यानं त्या दोघींना मराठीत सांगितल्या.

तुळजाबाईनं ऐकलं. "मंग माझी कवडीची नात परत येती का?"

"नाही, काकू."

"मंग ते बी लिव्ह."

"असल्या पत्रात ते बसत नाही."

"का बसत न्हाय? इका म्हनून कागद आला तेच्यात बसत व्हतं की."

महेबूबनं पेन उचललं. पाचवी ओळ लिहिली. या चाचणीवर विश्वास ठेवून लोकांनी तीन-तीन करडं देणाऱ्या शेळ्या विकल्या. त्या किती होत्या हे मला माहीत नाही. त्यातली एक परंड्याच्या तुळजाबाईंची होती. संपादक ती ओळ काढून टाकणार, हे त्याला ठाऊक होतं. काढू देत. त्याला काढावी तरी लागेल, म्हणजे वाचावी लागेल.

"वाचून दाखव," अम्मा म्हणाली.

तो उभा राहिला आणि पहिल्यापासून मराठीत वाचायला लागला. भिंतीपलीकडं, गोठ्यात, मैनेच्या कासेला ते दुसरं करडू पीत होतं, जे तिचं नव्हतं. करडं दुसऱ्या शेळ्यांची होती, ही ओळ आली तसा अम्मानं हात वर केला, त्याला थांबवला आणि भिंतीकडं एकदा बघून घेतलं.

"हळू वाच," ती म्हणाली.

महेबूबनं आवाज खाली आणला आणि पुढं वाचलं.